पाच मुंग्यांचं पोट: लहान वसाहतीला खाऊ घालताना येणाऱ्या अडचणी

पाळलेल्या मुंग्यांसमोर ठेवलेला साखरेचा थेंब तसाच आहे, माशीच्या तुकड्याला कुणी शिवलेलं नाही आणि दुसरा दिवस उजाडलाय. अशा वेळी बहुतेक जण पदार्थ बदलतात. साखर नको तर मध, मध नको तर फळ, फळ नको तर आणखी काही. पण पाच ते पन्नास कामकरी मुंग्यांच्या वसाहतीत चूक पदार्थात क्वचितच असते. ती प्रमाणात, जागेत किंवा वेळेत असते. आणि बरेचदा चूक नसतेच, मुंग्यांची पोटं भरलेली असतात. म्हणून बशीत काय उरलं हे बघण्याआधी मुंगीचं पोट आणि अळ्या बघायची सवय लावून घ्या.

आधी पोट, मग अळ्या

मुंगीच्या पोटावर कठीण पट्ट्या असतात. ती उपाशी असली की या पट्ट्या एकमेकींखाली सरकलेल्या असतात आणि पोट लहान, चपटं दिसतं. पोट भरलं की पट्ट्या फाकतात आणि मधली फिकट पातळ कातडी आडव्या रेषांसारखी दिसू लागते. साधं भिंग आणि बाजूने धरलेला मंद उजेड एवढ्यावर हा फरक कळतो.

हे खाणं तिचं एकटीचं नसतं. पचनाच्या जठराआधी मुंगीला एक पिशवी असते, तिला सामाजिक जठर म्हणतात. त्यात साठवलेला द्रव ती तोंडाला तोंड लावून बहिणींना, राणीला आणि अळ्यांना पाजते. त्यामुळे पाच-सहा जणींच्या वसाहतीत एकच मुंगी रात्री बाहेर येऊन पोट भरून गेली तरी सगळ्यांची सोय होते. थेंब जेमतेम कमी झालेला असतो आणि तुम्हाला वाटतं, कुणी खाल्लंच नाही.

शंका असेल तर १० मिली साखरपाण्यात खाण्याच्या निळ्या रंगाचा एक थेंब मिसळून ते द्या. फिकट रंगाच्या मुंग्यांचं पोट एका दिवसात निळसर दिसतं. काळ्या मुंग्यांमध्ये पट्ट्यांच्या मधल्या फटींतून रंग डोकावतो. एकीने प्यायलेला रंग दुसऱ्या दिवशी तिघींच्या पोटात दिसला, तर वाटप नीट चाललंय.

आता अळ्या. प्रौढ मुंगीला घन पदार्थ गिळता येत नाही. तिची कंबर अतिशय बारीक असते आणि तोंडातच घन कण अडवणारी छोटी खळगी असते. ते कण ती नंतर गोळी करून टाकून देते. कीटकाचं मांस पचवण्याचं काम मुख्यतः अळ्या करतात, आणि प्रथिनांची गरजही मुख्यतः त्यांना आणि अंडी घालणाऱ्या राणीला असते. वसाहतीत नुसते कोष असतील, किंवा अंडी असून अळ्या नसतील, तर माशीकडे बहुधा कुणी फारसं बघणार नाही. यात बिघाड काही नाही. अळ्या आल्या की हीच वसाहत त्याच माशीवर तुटून पडेल.

खाऊनपिऊन असलेली अळी टपोरी आणि चकचकीत असते आणि तिच्या आत गडद डाग दिसतो. अळीची अन्ननलिका मागच्या टोकाला बंद असते, कोष होण्याच्या वेळेपर्यंत मळ आतच साठतो, म्हणून हा डाग. उपाशी अळी सुरकुतते, आतून रिकामी आणि पारदर्शक दिसते.

या दोन निरीक्षणांवर पुढचं ठरतं. पोटं भरलेली आणि अळ्या टपोऱ्या असतील तर काही करू नका. पोटं भरलेली पण अळ्या सुकलेल्या असतील तर साखर पोचते आहे, प्रथिन पोचत नाही. अन्न समोर असूनही पोटं चपटी असतील तर जागा, तापमान किंवा त्रास, यांतलं काहीतरी आडवं येतंय. पोटं चपटी आणि त्यात रोज एखादी मुंगी मरत असेल, तर आधी पाणी तपासा, मग विषबाधेचा विचार करा.

राणी एकटी असेल तर

लॅसियस, कॅम्पोनोटस, फायडोल, मेसॉर अशा वंशांमधल्या बहुतेक राण्या पहिल्या कामकरी बाहेर येईपर्यंत काहीही खात नाहीत. पंख गळल्यावर उडण्याचे स्नायू निरुपयोगी होतात. ते विरघळवून आणि अंगातली चरबी वापरून ती पहिली पिल्लावळ वाढवते. तिचा छातीचा भाग जाडजूड दिसतो तो याच साठ्यामुळे. तिला खाऊ घालण्याच्या नादात ती ज्या काचेच्या परीक्षानळीत (ट्यूबमध्ये) ठेवलीय ती दर दोन दिवसांनी उघडली, तर ती राणी स्वतःचीच अंडी खाऊन टाकू शकते. एक तृतीयांश पाणी, त्यावर घट्ट कापूस, अंधार, आणि आठवड्यातून एकदा डोकावणं, यापलीकडे तिला काही लागत नाही.

याला अपवाद शिकारी राण्यांचा. मिर्मेसिया आणि पोनेरिनी गटातल्या अनेक राण्या पिल्लावळ वाढवताना स्वतः शिकारीला बाहेर पडतात. त्यांना ट्यूबला जोडलेली छोटी मोकळी पेटी आणि दर दोन-तीन दिवसांनी ताजा लहान कीटक लागतोच. तो मिळाला नाही तर अळ्या एकेक करून नाहीशा होतात. म्हणून राणीची जात कुठली हे आधी नक्की करा.

किती द्यायचं

खालची मापं ३ ते ५ मिमी लांबीच्या मुंग्यांसाठी आहेत. कॅम्पोनोटससारख्या मोठ्या मुंग्यांना दुप्पट द्या, दोन मिमीच्या मुंग्यांना निम्मं.

- ५ ते १० कामकरी: साखरपाण्याचा मोहरीच्या दाण्याएवढा थेंब दर ३-४ दिवसांनी. अळ्या असतील तर २-३ दिवसांनी एक फळमाशी.
- २० ते ३० कामकरी: ४ मिमीच्या थेंबाएवढं साखरपाणी, छोट्या थेंबांत वाटून. एक दिवसाआड दोन-तीन फळमाशा किंवा मीलवर्मचा (एका भुंग्याच्या अळीचा) ३-४ मिमी तुकडा.
- ५० च्या आसपास: साखरपाणी सतत उपलब्ध, आणि एक दिवसाआड अर्धा लहान मीलवर्म.

ही सुरुवात आहे, कायदा नाही. २४ तासांनी प्रथिनाचा अर्ध्याहून जास्त भाग उरला तर पुढच्या वेळी निम्मं द्या. दोन तासांत फक्त साल उरली तर दीडपट करा. नवशिक्यांच्या हातून लहान वसाहत उपासमारीने फारशी मरत नाही. जास्त अन्न, त्यावरची बुरशी आणि ते साफ करताना दिलेले धक्के यांनी मरते.

साखरपाणी

एक भाग पांढरी साखर, चार भाग उकळून गार केलेलं पाणी, दोन्ही एकाच चमच्याने मोजून. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, बर्फाच्या साच्यात गोठवलं तर अनेक महिने. मध द्यायचा तर एकास तीन पाणी घालून पातळ करा. घट्ट मधाच्या थेंबात लहान मुंगीचे पाय अडकतात आणि सुटायच्या धडपडीत ती आणखी रुतते. साखरेऐवजीची कृत्रिम गोडी देऊ नका. तिच्यातून ऊर्जा मिळत नाही, आणि एरिथ्रिटॉलसारखी काही तर फळमाशांना विषारी ठरलेली आहेत.

मुंगी बुडते ती खोलीमुळे नाही, पृष्ठताणामुळे. तीन मिमीच्या मुंगीला पाच मिमीचा थेंब म्हणजे डबकंच; पाय लागला की थेंब तिला आत ओढून घेतो. थेंब नेहमी मुंगीच्या लांबीपेक्षा लहान ठेवा. जास्त द्यायचं असेल तर एका मोठ्या थेंबाऐवजी तीन छोटे ठेवा, किंवा साखरपाण्यात भिजवून पिळलेला, टपकणार नाही इतपत ओलसर कापसाचा गोळा द्या. गोळा बोटांत घट्ट वळलेला असावा. सैल धाग्यांत पहिल्या फळीच्या इवल्या कामकरींचे पाय गुंततात.

थेंब थेट ट्यूबच्या काचेवर टाकू नका. अॅल्युमिनियम फॉइलचा ५ मिमीचा चौकोन कापा, त्यावर टूथपिकच्या टोकाने थेंब ठेवा आणि चिमट्याने चौकोन आत सरकवा. दोन दिवसांनी चौकोनासकट बाहेर काढा. साखरपाणी त्यापेक्षा जास्त राहिलं की आंबतं, आंबूस वास येतो आणि मुंग्या त्यावर माती, कचरा, कापसाचे धागे आणून टाकतात. थेंब असा पुरला की लोक समजतात, त्यांना साखर आवडली नाही. खरं तर पोट भरल्यावर ओलसर, चिकट वस्तू झाकून टाकणं ही त्यांची नेहमीची साफसफाई असते. पोटं बघा, भरलेली दिसतील.

प्रथिन

फळमाशी, लहान रातकिडा, मीलवर्म, पाळलेलं झुरळ, यांपैकी काहीही चालतं. तयारी मात्र नीट हवी. कीटक किमान एक दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग १० ते १५ सेकंद उकळत्या पाण्यात बुडवून कागदावर टिपून घ्या. नुसत्या गोठवण्याने कीटकांवरचे सगळे माइट (कोळ्यांच्या जातकुळीतले अगदी बारीक जीव) मरतीलच असं नाही, उकळतं पाणी ते काम चोख करतं. शिवाय जिवंत मीलवर्म चावतो. पाच मुंग्यांच्या वसाहतीत तो सोडला तर शिकार कोण कुणाची करेल सांगता येत नाही.

मग कापणी. मीलवर्मची साल पहिल्या कामकरींना फोडता येत नाही. या पहिल्या मुंग्या राणीच्या तुटपुंज्या साठ्यावर वाढलेल्या असतात, म्हणून नेहमीपेक्षा बऱ्याच लहान आणि भित्र्या असतात. ब्लेडने आडवा काप घ्या, आतला मऊ पांढरा गर उघडा राहील असा. रातकिड्याची मांडी मधोमध चिरा. फळमाशी चिमट्याने हलकेच दाबा, म्हणजे अंगातला ओलावा बाहेर येतो. अख्खी सुकी माशी दोन दिवस दुर्लक्षित राहते आणि तीच दाबून ठेवली की अर्ध्या तासात अळ्यांवर पोचते, हा प्रकार नेहमीचा आहे.

बाहेरून पकडलेले कीटक टाळा. कीटकनाशकाचा फवारा खाऊन धडपडणारी माशी पकडायला सोपी असते, आणि घात तिथेच होतो.

कीटक मिळत नसतील तर भटकर आहार हा जुना पर्याय आहे. १९७० साली भटकर आणि व्हिटकॉम्ब यांनी तो प्रसिद्ध केला: ५०० मिली पाणी, ६२ मिली मध, एक अंडं, ५ ग्रॅम अगर (समुद्री शेवाळापासून केलेली, जेलीसारखी थिजणारी पूड) आणि जीवनसत्त्वं-खनिजांची एक गोळी. निम्म्या पाण्यात अगर उकळून विरघळवायचं आणि कोमट होऊ द्यायचं. उरलेल्या पाण्यात अंडं, मध आणि गोळीची पूड एकजीव फेटायची. मग फेटत फेटत त्यात अगर ओतून पसरट भांड्यात थिजवायचं. अगर फार गरम असताना ओतलं तर अंडं फाटतं, एवढीच खबरदारी. लहान वसाहतीला हे माप वर्षभरही संपणार नाही, म्हणून चौथाई करा आणि ३ मिमीचे तुकडे गोठवून ठेवा. पण हे पूरक अन्न आहे. अळ्या भरपूर असताना केवळ यावर भागवू नका.

प्रथिन जास्त झालं तरी नुकसानच. ऑड्री डुसुतूर आणि स्टीफन सिम्प्सन यांनी लॅसियस नायजरवर केलेलं काम २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात प्रथिनं जास्त आणि साखर कमी अशा आहारावर कामकरी लवकर मेल्या आणि वसाहती ढासळल्या. तेव्हा माशी दिली त्या दिवशी साखर बंद, असं करू नका. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. किती कुठून घ्यायचं ते त्या स्वतः बऱ्यापैकी नीट ठरवतात.

अन्न आहे, पण तिथवर कुणी जात नाही

दहाहून कमी कामकरी असलेली वसाहत बाहेर पडायला घाबरते, आणि त्यात तिचं चुकत नाही. पाचातली एक हरवली तर पाचवा हिस्सा मनुष्यबळ गेलं. अशा वसाहतीला फूटभर लांबीची सजवलेली पेटी जोडून तिच्या कोपऱ्यात अन्न ठेवलं, तर ते कुणाला सापडणार? २० ते ३० कामकरी होईपर्यंत ट्यूबमध्येच ठेवा आणि अन्न पिल्लावळीपासून दोन-तीन सेंमीवर द्या. अगदी जवळही नको, कारण सांडलेला थेंब अंड्यांना चिकटतो.

देताना कापूस हळूच फिरवत काढा आणि ट्यूबच्या तोंडावर श्वास सोडू नका. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने आणि गरम हवेने मुंग्या खवळतात, पिल्लावळ उचलून पळू लागतात, आणि पुढचे काही तास खाणं बाजूलाच राहतं. जमलं तर संध्याकाळी द्या, झाकून ठेवा, सकाळी बघा. दर तासाला झाकण काढून "खाल्लं का?" बघणारा माणूस हे न खाण्याचं एक मोठं कारण असतं.

तापमानाचंही तसंच. उष्ण प्रदेशातल्या जातींची भूक २० अंशांखाली मंदावते, २४ ते २८ अंशांत ती खुलते. गरम करायचं तर ट्यूबचं एकच टोक करा, पाण्याचं नव्हे. पाणी तापलं की काचेवर दव धरतं आणि थेंबात पिल्लावळ अडकते. थंड प्रदेशातल्या लॅसियससारख्या जाती शरद ऋतूत आपणहून खाणं थांबवतात. राणी अंडी घालायची थांबते, लहान अळ्या तशाच राहतात. तेव्हा अन्नाचा आग्रह धरू नका. ५ ते ८ अंशांत तीन-चार महिने, फक्त पाणी देऊन, त्यांना विश्रांती हवी असते. ती मिळाली नाही तर वसंतात भूक नीट परतत नाही.

बुरशी, माइट आणि विष

मेलेल्या माशीवर राखाडी लव दिसली तर तुकडा काढा, पुढच्या वेळी कमी द्या, एवढं पुरे. बुरशी ओल्या कापसावर पसरून पिल्लावळीपर्यंत येऊ लागली तर नवीन ट्यूब तोंडाला तोंड लावून जोडा, जुनीवर उजेड पाडा, नवी अंधारात ठेवा. दोन-तीन दिवसांत, कधी आठवड्यात, त्या स्वतः हलतात. आपटून हलवणं हा शेवटचा उपाय.

उरलेल्या अन्नावर पांढरे, हळू चालणारे ठिपके दिसले तर ते बहुधा खरकट्यावर जगणारे माइट. मुंग्यांना ते थेट खात नाहीत, पण संख्या वाढली की अंगावर चढतात. घन अन्न आठवडाभर बंद करा, साखर फक्त फॉइलवर द्या आणि रोज काढा, पेटी कोरडी ठेवा. खरकटं संपलं की तेही संपतात.

काही तासांत तीन-चार मुंग्या उलट्या पडून पाय झाडू लागल्या तर ते विष. अन्न लगेच काढा, स्वच्छ ट्यूबमध्ये हलवा, पाणी आणि ताजं साखरपाणी ठेवा. न धुतलेली फळाची साल, फवारणीत सापडलेला कीटक, किंवा पाळीव प्राण्याला पिसवांचं औषध लावून तसेच वापरलेले हात, यांपैकी एक कारण बहुधा निघतं.

दाणे खाणाऱ्या आणि शिकारी मुंग्या

मेसॉरसारख्या दाणे गोळा करणाऱ्या मुंग्या साखरेकडे बरेचदा पाठ फिरवतात. त्यांना गवताचं बी, खसखस, चिया द्या. दाणा त्या सोलतात, चावून लाळेत मळतात आणि त्याचा लगदा खातात. पहिल्या कामकरींचे जबडे लहान असतात, म्हणून सुरुवातीला दाणे भरडून द्या, अख्ख्यांचा ढीग टाकून समाधान मानू नका. दाणे कोरड्या भागातच ठेवा, ओल लागली की ते रुजतात किंवा बुरशी धरतात. पेरणीसाठी विकलेलं बी कधीच नको, त्याला बरेचदा औषध लावलेलं असतं. आणि अळ्या असताना अधूनमधून कीटक यांनाही लागतो.

पोनेरिनी शिकारींमध्ये पोटातून पाजण्याची पद्धत बहुतेक नसते. त्या द्रवाचा थेंब जबड्यांत धरून नेतात, त्यामुळे साखरेचं वाटप तोकडं पडतं आणि कीटकावर भिस्त जास्त. हार्पेग्नॅथस सॅल्टेटरसारख्या उडी मारून शिकार करणाऱ्या जातीला हलणारं भक्ष्य लागतं. मेलेल्या तुकड्याकडे ती बरेचदा दुर्लक्ष करते. तिला लहान रातकिडा मागचे उड्या मारणारे पाय काढून जिवंत द्या.

काही दिवस बाहेर जायचं असेल तर

आदल्या रात्री साखरपाणी द्या, सकाळी पोटं भरलेली आहेत का बघा, उरलेलं सगळं काढा. ट्यूबमधलं पाणी निम्म्याहून जास्त असेल तर भरल्या पोटाची छोटी वसाहत ५ ते ७ दिवस सहज काढते. आठवडाभराचं अन्न आत भरून जाऊ नका, परत येईपर्यंत त्याची बुरशी झालेली असेल. आल्यावर पहिल्यांदा पाण्याची पातळी बघा, मग एकच छोटा थेंब ठेवा, आणि कीटक दुसऱ्या दिवशी द्या. अळ्या एक-दोन कमी झालेल्या दिसल्या तर त्या वसाहतीनेच खाल्लेल्या असतात. राणी अंडी घालत असेल तर ती भर महिन्याभरात निघते.